शटॉक्वाचं फाटक : तळ्याकाठच्या एका मेथडिस्ट छावणीचं प्रकरण

१८७४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, शटॉक्वा नावाच्या एका लांबोड्या तळ्याच्या काठी, दोन आठवड्यांचा मेळावा भरला. ४ तारखेला सुरू झाला, १८ ला संपला. शनिवारी रात्री तिथलं फाटक बंद होई ते सोमवारीच उघडे. रविवारी आगबोट धक्क्याला लागू द्यायची नाही, नवा पाहुणा आत घ्यायचा नाही. आदल्या दिवसापर्यंत आलेले लोक आत, बाकीचं जग बाहेर. इतर दिवशी आत यायचं तर तिकीट.

मेळावा मेथडिस्टांचा, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा, आणि तेव्हाच्या मेथडिस्ट माणसाला ही उलटी गंगा वाटली असणार. रानातल्या धर्मसभांचा सगळ्यात मोठा दिवस रविवारच. त्या दिवशी गाड्या आणि बोटी भरभरून माणसं येत. पाळकांना तेच हवं असे, कारण जितकी गर्दी जास्त तितके पश्चात्तापी जास्त. आणि देवाचं वचन ऐकायला पैसे? झोळी फिरवावी, ज्याला जे जमेल ते त्याने टाकावं, ही रीत होती. तिकीट तमाशाला असतं, सर्कशीला असतं.

तरीही ही जागा टिकली. राहुट्यांची छावणी होती, तिची उन्हाळी वसाहत झाली, हॉटेलं आली, बंगल्या आल्या, संगीत आलं. ती आजही दर उन्हाळ्यात नऊ आठवडे भरते. त्या काळात उभ्या राहिलेल्या बहुतेक छावण्या एकतर मोडल्या, नाहीतर निव्वळ सुट्टीच्या जागा होऊन बसल्या. शटॉक्वाचं तसं का झालं नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न. माझं उत्तर त्या फाटकापाशी आहे. त्याने काय वाचवलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, हे दोन्ही पाहायला हवं.

तळं आणि छावणी

आधी जागा नीट समजून घेऊ. शटॉक्वा तळं सुमारे २७ किलोमीटर लांब आहे आणि मधोमध इतकं चिंचोळं होतं की जणू दोन तळी गाठ मारून जोडली आहेत. नावाचा अर्थही कमरेत बांधलेली पिशवी असा सांगतात. नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. हा मुलूख सेनेका लोकांचा. ईरी सरोवर इथून पंधरा किलोमीटरवरसुद्धा नाही, पण तळं त्याच्याहून दोनशे मीटरहून अधिक उंचावर आहे आणि त्याचं पाणी ईरीकडे जातच नाही. ते दक्षिणेला चॅडकॉइन नदीतून निघतं, पुढे अलेगेनी, मग ओहायो, मग मिसिसिपी, आणि शेवटी मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. दारात समुद्राएवढं सरोवर असून पाणी हजारो किलोमीटरचा वळसा घालून जातं, ही गोष्ट मला फार आवडते.

छावणीची चाल मात्र इथली नव्हे. १८०१ मध्ये केंटकीत केन रिज नावाच्या ठिकाणी हजारो माणसं गाड्या-घोडे घेऊन जमली आणि दिवसचे दिवस रानात राहून प्रवचनं ऐकत राहिली. पहिला पुढाकार प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा होता, पण हा प्रकार खरा उचलला तो मेथडिस्टांनी. पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या मुलखातल्या वस्त्या विरळ, चर्च दूर, पाळक घोड्यावरून महिन्या-दोन महिन्यांनी फिरणारा. शेतीची कामं उरकली की आठवडाभर एकत्र राहायचं, हे त्या आयुष्यात नेमकं बसत होतं. आपल्याकडे वारीतल्या माणसाला कळेल असंच ते असावं : चूल उघड्यावर, झोप राहुटीत, ओळखी वर्षाच्या वर्षाला ताज्या होणार. मधे प्रवचनाचा मंच, त्याच्यासमोर ओळीने लाकडी बाक, भोवती राहुट्यांचं कडं. मंचाला लागून पश्चात्तापाचा बाक. ज्याचं मन हललं त्याने तिथे येऊन गुडघे टेकायचे. रडणं, ओरडणं, अंगात आल्यासारखं कोसळणं, हे सगळं त्यात होतं.

यादवी युद्धानंतर रेल्वे पसरली आणि या छावण्यांचं रूप बदललं. १८६९ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ओशन ग्रोव्ह उभं राहिलं, १८७३ मध्ये ओहायोत ईरीच्या काठी लेकसाइड, १८७६ मध्ये मिशिगनमध्ये बे व्ह्यू. पाण्याकाठी, गार वाऱ्यात, रेल्वेच्या टप्प्यात. धर्मासाठी यायचं आणि हवापालटही व्हायचा. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर तर १८३५ पासूनच छावणी होती. तिथे शेजारीच एका कंपनीने जमीन घेऊन सुट्टीचे प्लॉट विकायला काढले, तेव्हा मेथडिस्टांनी मधे सात फुटी कुंपण घातलं. पलीकडची करमणूक अलीकडे येऊ नये म्हणून. कुंपणाने काही थांबलं नाही. आज त्या बेटावरच्या नक्षीदार रंगीत बंगल्या पाहायला पर्यटक येतात.

शटॉक्वा तळ्याच्या पश्चिम काठावर फेअर पॉइंट नावाचं टोक होतं. १८७० च्या दशकाच्या आरंभी ईरी भागातल्या मेथडिस्टांनी तिथे आपली छावणी थाटली. एरवी तिची नोंद एखाद्या जिल्हा इतिहासाच्या तळटीपेत राहिली असती.

योगायोग असा की नेमक्या त्याच वर्षांत, १८७१-७२ मध्ये, अशाच उघड्यावरच्या सभांत तयार झालेला अमेरिकन मेथडिस्ट प्रवचनकार विल्यम टेलर मुंबईत सभा घेत होता. मुंबईतल्या मेथडिस्ट मंडळीची सुरुवात त्यातूनच झाली. एकाच पंथाची एकच उमेद, एक टोक मुंबईच्या रस्त्यावर, दुसरं या तळ्याकाठी.

कापणीयंत्रवाला आणि पाळक

फेअर पॉइंटचं दैव बदललं ते दोन माणसांमुळे. लुइस मिलर हा ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा कारखानदार. गवत आणि पीक कापणारी यंत्रं बनवून त्याने पैसा मिळवला होता, आणि सुधारणा सगळ्या स्वतः डोकं चालवून केलेल्या. रविवारी तो संडे स्कूल, म्हणजे चर्चची मुलांना बायबल शिकवणारी शाळा, चालवी. तिथेही त्याचं यंत्रवाल्याचं डोकं थांबलं नाही. एका मोठ्या दालनात सगळी मुलं कोंबायची आणि गोंगाटात शिकवायचं, हे त्याला पटेना. मधे दालन, भोवती अर्धवर्तुळात खोल्या, खोल्यांची दारं उघडली की सगळे एकत्र, मिटली की वर्ग वेगळे, अशी रचना त्याने अ‍ॅक्रनच्या चर्चसाठी काढली. 'अ‍ॅक्रन प्लॅन' या नावाने ती अमेरिकाभर शेकडो चर्चनी उचलली.

जॉन हेल व्हिन्सेंट हा दुसरा. मेथडिस्ट पाळक, पुढे बिशप झाला. संडे स्कूलच्या शिक्षकांना काही येत नाही, हे त्याचं खरं दुःख होतं. भक्ती आहे, पण पॅलेस्टाइनचा नकाशा काढता येत नाही, इतिहास ठाऊक नाही, मुलाला प्रश्न कसा विचारावा हे कळत नाही. त्याला शिक्षकांसाठी काही आठवड्यांचं पक्कं शिक्षण हवं होतं, आणि ते शहरात, चर्चच्या इमारतीत व्हावं असं त्याच्या मनात होतं. रानातल्या छावण्यांचा त्याला तिटकाराच होता. भावनेचा पूर येतो, ओसरतो, आणि माणूस होता तिथेच राहतो, असं त्याचं मत.

मिलरने त्याला १८७३ मध्ये फेअर पॉइंटला नेलं. झाडं, तळं, तयार मंच, राहुट्यांच्या जागा, उन्हाळ्यात बहुतेक काळ रिकामी पडलेली ती सगळी व्यवस्था. व्हिन्सेंट राजी झाला, पण आपल्या अटींवर. छावणीची जागा घ्यायची, छावणीचा धर्म घ्यायचा नाही. पश्चात्तापाच्या बाकाऐवजी वर्ग, परीक्षा, व्याख्यानं. इतर पंथांच्या लोकांनाही बोलावणं. रविवारी फाटक बंद, म्हणजे बघ्यांची गर्दी नको. आठवड्यात तिकीट, म्हणजे झोळी नको.

प्रकरणाचा खरा सांधा मला इथे दिसतो. छावणीला लोकांच्या उमाळ्यावर जगावं लागे, म्हणून तिला उमाळा पैदा करावा लागे. पैसा प्रवचनाच्या शेवटी येत होता, तेव्हा प्रवचन तसंच असणं भाग होतं. तिकिटाने पैसा आधी आला आणि बोलणारा मोकळा झाला. आता तो भूगर्भशास्त्रावर बोलू शकत होता, हिब्रू व्याकरण शिकवू शकत होता. श्रोता रडला नाही तरी चालणार होतं.

पहिल्याच वर्षी काठावर पवित्र भूमीचा एक मोठा नमुना मातीत उभा केला. टेकड्या, जॉर्डन नदी, मृत समुद्र, गावं. शटॉक्वा तळं म्हणजे भूमध्य समुद्र. आता भूमध्य समुद्र पॅलेस्टाइनच्या पश्चिमेला, आणि तळं या जागेच्या पूर्वेला. म्हणून त्या नकाशात दिशा उलट्या आहेत. शिक्षक त्यावरून चालत जात आणि येशू कुठून कुठे गेला ते पायांनी शिकत. तो नमुना आजही आहे आणि मुलं अजून त्यावर बागडतात. भूगोल चालत शिकवायचा, यात त्या दोघांची सगळी शिक्षणदृष्टी आली.

त्याच १८७४ च्या मेळाव्यात दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायका एकत्र बसल्या आणि देशभराची संघटना काढायचं तिथे ठरलं. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंडला ती स्थापन झाली : वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परकं नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा त्यांचा या संघटनेशी आणि तिची अध्यक्ष फ्रान्सिस विलर्ड हिच्याशी जवळचा संबंध आला. परतल्यावर १८८९ मध्ये रमाबाईंनी अमेरिकेवर जे मराठी पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायकांच्या संघटनांवर त्या किती आस्थेने लिहितात ते वाचावं. बायकांनी बायकांसाठी एवढं मोठं काम उभारलं, याचं त्यांना अप्रूप होतं. त्या कामाचं बी या तळ्याकाठच्या झाडांखाली पडलं होतं.

राहुटी ते बंगली

१८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रांट आगबोटीने इथे आला. इलिनॉयमधल्या गलीना गावात व्हिन्सेंट पाळक असताना ग्रांट त्याच्या चर्चमध्ये येत असे, ती जुनी ओळख. एका संडे स्कूलच्या मेळाव्याला राष्ट्राध्यक्ष येतो म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी तळ्याचं नाव देशभर नेलं. मिलरने त्याच वर्षी आपली बंगली उभी केली. तिचे भाग अ‍ॅक्रनमध्ये कापून तयार केले होते आणि इथे आणून जोडले. ती अजून उभी आहे आणि राष्ट्रीय वारसा म्हणून जपलेली आहे.

इतरांच्या बंगल्या हळूहळू आल्या. भूखंड राहुट्यांच्या मापाने आखलेले, त्यामुळे घरं अरुंद, एकमेकांना खेटून, आणि जागेची भूक भागवायला पुढे दुमजली-तिमजली व्हरांडे. व्हरांड्यात बसलं की समोरच्या व्हरांड्यातल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. राहुट्यांचा शेजार लाकडात गोठला, असं म्हणता येईल. बेटावरच्या आणि बे व्ह्यूच्या छावण्यांतही हेच झालं, पण शटॉक्वाच्या गल्ल्या मला जास्त दाट वाटतात.

१८८१ मध्ये तळ्यावर तोंड करून अथेनियम हॉटेल उभं राहिलं. सगळं लाकडी, लांबच लांब व्हरांडा, आणि त्या काळात अपूर्वाई असलेले विजेचे दिवे. मिलरची मुलगी मिना पुढे १८८६ मध्ये थॉमस एडिसनशी लग्न करून गेली, आणि एडिसनही सासरी म्हणून इथे येत राहिला. आता उन्हाळी वसाहत पुरी झाली : होड्या, पोहणं, बँड, आइस्क्रीम. पत्ते, नाच आणि दारू मात्र फाटकाबाहेर. दारूबंदी तर शंभराहून अधिक वर्षं टिकली.

सुट्टीचा शिरकाव झाला आणि धर्म पातळ झाला, अशी सोपी गोष्ट सांगायचा मोह इथे होतो. मला ती पटत नाही. व्हिन्सेंटला सुट्टी ही शत्रू वाटत नव्हती. रिकामा वेळ मिळालेल्या माणसाने त्या वेळाचं काय करावं, हाच त्याचा धार्मिक प्रश्न होता. त्याचं सर्वांत मोठं काम याच प्रश्नातून आलं.

१८७८ मध्ये त्याने वाचनमंडळ काढलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम : दरवर्षी ठरावीक पुस्तकं, घरी बसून वाचायची, जमल्यास गावात मंडळ करून चर्चा करायची, आणि लेखी उत्तरं पाठवायची. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्यांसाठी हे कॉलेज होतं. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक माणसांनी नावं नोंदवली. शेतकऱ्यांच्या बायका, दुकानात काम करणाऱ्या मुली, खेड्यातले शाळामास्तर. कुणी दूध काढून झाल्यावर वाचलं, कुणी पोरं झोपल्यावर. १८८२ मध्ये पहिली तुकडी पुरी झाली. त्यांच्यासाठी एक कमान उभारली, आणि वाचन पुरं केलेल्यांनाच त्या दिवशी त्यातून जाता येई. पलीकडे स्तंभांवर छप्पर घातलेला, बाजूंनी उघडा 'तत्त्वज्ञानाचा मंडप'. पांढऱ्या कपड्यांतल्या मुली वाटेवर फुलं टाकत.

हे वाचताना कुणाला तो भाबडा सोहळा वाटेल. मला वाटत नाही. ज्या बाईला आयुष्यात एकही पदवीदान मिळणार नव्हतं, तिला हे मिळालं. त्या कमानीखालून जायला माणसं किती लांबून आली असतील!

अशीच एक दुसरी रीत. १८७७ मध्ये एका मूकबधिर वक्त्याने हातांच्या खुणांनी भाषण केलं. टाळ्या त्याला ऐकू जाणार नव्हत्या, तेव्हा व्हिन्सेंटने सगळ्यांना पांढरे रुमाल काढून हलवायला सांगितले. हजारो रुमाल एकदम वर. पुढे हा 'शटॉक्वा सॅल्यूट' झाला आणि खास माणसांसाठी, खास प्रसंगी, राखून ठेवला गेला.

विल्यम रेनी हार्परने इथे हिब्रू शिकवली, उन्हाळी कॉलेजचा कारभार पाहिला, आणि पुढे तो शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. आयडा टार्बेल, जिने नंतर स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य तेलकंपनीचा पर्दाफाश केला, तिने पत्रकारितेची पहिली वर्षं इथल्या मासिकात काढली. १८७६ पासून जागेचं स्वतःचं दैनिक निघतं.

आपल्याकडे पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत व्याख्यान ऐकायला जमायचं, हे दोन ठिकाणी एका वर्षाच्या अंतराने सुचलं, याची नोंद करावीशी वाटते.

ज्याला कंटाळा आला तो पाहुणा

१८९६ च्या उन्हाळ्यात तत्त्वज्ञ विल्यम जेम्स इथे आला. एका दिवसासाठी आला आणि आठवडाभर राहिला. त्याचा अनुभव त्याने पुढे लिहिला, आणि या जागेवरची सर्वांत धारदार टीका अजून तीच आहे.

तो म्हणतो ते साधारण असं : सगळं इथे आहे. जंगलातलं नेटकं गाव, हजारोंच्या आवाजातलं गाणं, खेळाची मैदानं, रोजची व्याख्यानं. रोग नाही, गरिबी नाही, दारुडा नाही, पोलिस लागत नाही. माणसांनी शतकानुशतकं ज्यासाठी रक्त सांडलं ते सगळं मिळालं तर कसं दिसेल, त्याचा हा नमुना. आणि बाहेरच्या काळ्या, पापी जगात परत पाय ठेवल्यावर त्याच्या तोंडून सुटकेचाच उद्गार निघाला. इथे झुंज नव्हती. जीव पणाला लागेल असं काही नव्हतं. नंतर त्याला हे शौर्य रोजच्या मजुरांत दिसलं, उंच इमारतींवर, मालगाड्यांवर राबणाऱ्या माणसांत.

जेम्सचं म्हणणं अर्धं खरं आहे. मात्र तो त्या जागी पाहुणा होता. हार्वर्डचा प्राध्यापक, पुस्तकांत जन्म गेलेला. त्याला व्याख्यानाचा कंटाळा यायचा हक्क होता. फाटकातून आत येणारी शाळामास्तरीण वर्षभर एका खोलीत साठ मुलं सांभाळून आलेली असे. तिची झुंज तिच्या गावातच होती. ती इथे झुंजायला येत नव्हती, दोन आठवडे कुणीतरी आपल्याशी बुद्धीने बोलावं म्हणून येत होती. जेम्सला मजुरात शौर्य दिसलं, शेजारच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या बाईत दिसलं नाही.

पण त्याने एक गोष्ट नेमकी पाहिली. फाटकामुळे आतलं जग एकाच थराचं झालं होतं. तिकीट आणि बंगली परवडणारे, संयमी, गोरे, प्रोटेस्टंट, मध्यमवर्गीय. गरिबी इथे नाहीशी झाली नव्हती, ती फाटकापाशी थांबली होती.

एकाच तळ्याचं दुसरं टोक

तुलनेला दूर जायला नको. याच तळ्याच्या दक्षिण टोकाला, जेम्सटाउन शहराजवळ, १८९० च्या दशकात सेलोरॉन पार्क निघालं. शहराच्या ट्राममालकांनी काढलेलं. ट्रामला रविवारी गिऱ्हाईक हवं, म्हणून मार्गाच्या शेवटी पाळणे, नाचघर, नाट्यगृह. अमेरिकेतल्या कित्येक करमणूक उद्यानांचा जन्म असाच आहे. फाटक उघडं, यावं, खावं, नाचावं, शेवटच्या ट्रामने परत जावं. कारखान्यातल्या माणसाला तिथे खरी मजा मिळाली, आणि ती मजा कमी प्रतीची होती असं मी म्हणणार नाही. पण मोटार आली, ट्राम गेली, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलोरॉन बंद पडलं.

शटॉक्वालाही ट्रामचा आणि नंतर मोटारीचा फटका बसला. मुख्य दार पूर्वी धक्क्यावर होतं, लोक पाण्यावरून येत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते रस्त्याच्या बाजूला गेलं, आणि वसाहतीची पाठ तळ्याकडे झाली. तरी जागा मोडली नाही, कारण तिथे माणसं वाहतुकीसाठी येत नव्हती. जमीन, सभागृह, हॉटेल आणि कार्यक्रम सगळं एकाच संस्थेच्या हातात होतं. प्लॉट घेणारा माणूस तळ्याचं दृश्य विकत घेत होता तसं सकाळच्या व्याख्यानाच्या शेजारचं घरही विकत घेत होता. व्याख्यान बंद पडलं असतं तर घराची किंमत पडली असती, हे प्रत्येक घरमालकाला ठाऊक होतं. मार्थाज व्हिनयार्डला कुंपणाच्या दोन बाजूंना दोन मालक होते. इथे एकच.

नाव मात्र हातातून निसटलं. १९०४ पासून तंबू घेऊन गावोगाव फिरणारे 'शटॉक्वा' निघाले : व्याख्याते, जादूगार, गायक, नकलाकार. मूळ संस्थेचा त्यांच्याशी काही व्यवहार नव्हता. १९२० च्या दशकाच्या मध्यावर ते शिगेला पोचले, आणि रेडिओ, चित्रपट, मोटार यांनी काही वर्षांत ते संपले. त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसाला शटॉक्वा म्हटलं की तळं आठवत नसे, तपकिरी तंबू आठवे.

कर्ज

१९२० च्या दशकात संस्थेने पैसा मोकळ्या हाताने खर्च केला. १९२५ च्या उन्हाळ्यात संगीतकार जॉर्ज गर्श्विन इथल्या एका सरावाच्या झोपडीत पियानो कन्चेर्टोवर काम करत होता. १९२९ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद झाला, ऑपेराचं नाट्यगृह झालं. त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. १९३३ मध्ये संस्था कर्जात इतकी बुडाली की कारभार न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे गेला.

पुढची तीन वर्षं या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत हलवणारी वाटतात. मंदीच्या ऐन भरात घरमालक, जुने वाचनमंडळवाले, माजी विद्यार्थी यांनी पैसे जमवले. मोठे देणगीदार होते, पण लहानही पुष्कळ. १९३६ मध्ये जागा कर्जातून मोकळी झाली. त्याच ऑगस्टच्या १४ तारखेला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट इथल्या ॲम्फीथिएटरमध्ये बोलला. मी युद्ध पाहिलं आहे, मला युद्धाचा तिटकारा आहे, असं त्याचं ते प्रसिद्ध भाषण. उघड्या बाजूंच्या, लाकडी बाकांच्या त्या सभागृहात त्या वेळी जे बसले होते, त्यांतल्या पुष्कळांनी ते सभागृह नुकतंच स्वतःच्या खिशातून सोडवून घेतलं होतं.

ते ॲम्फीथिएटर १८९३ चं. एका घळीच्या उतारावर, भिंती नाहीत, वर छत, मागे १९०७ पासूनचा प्रचंड मॅसी ऑर्गन. २०१६ मध्ये संस्थेने ते पाडायचं ठरवलं. बांधकाम थकलं होतं, अपंगांना ये-जा करणं अवघड होतं, मोठे कार्यक्रम बसत नव्हते. जुन्या वास्तू जपणाऱ्यांनी जोरदार विरोध केला. सगळा परिसर १९८९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि त्याचं काळीजच पाडायचं? ऑर्गन राखला, बाकी पाडलं, आणि २०१७ मध्ये तशाच आकाराचं नवं सभागृह उघडलं. माझं मत विरोधकांच्या बाजूने झुकतं. राहुटीचा बाक ते सभागृह हा सगळा वारसा त्या लाकडात होता, आणि दुरुस्तीचा मार्ग जास्त सोसूनही घ्यायला हवा होता.

१२ ऑगस्ट २०२२

मुंबईत जन्मलेला सलमान रश्दी त्या दिवशी या मंचावर होता. सकाळचं पावणेअकराचं व्याख्यान, जे अनेक पिढ्या त्याच वेळेला होत आलं आहे. विषय होता छळातून पळालेल्या लेखकांना अमेरिकेने दिलेला आसरा. बोलणं सुरू व्हायच्या आत एक तरुण मंचावर धावला आणि त्याने रश्दीवर सुऱ्याने वार केले. सोबतचे वक्ते हेन्री रीस हेही जखमी झाले. श्रोत्यांतून माणसं, काही चांगली वयस्क, मंचावर धावली आणि त्यांनी हल्लेखोराला धरून ठेवलं. रश्दी वाचला, एक डोळा गेला. हल्लेखोर २०२५ मध्ये दोषी ठरला आणि त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली.

हल्लेखोर रीतसर तिकीट काढून फाटकातून आला होता. तोवर तिकिटासाठी ओळखपत्र लागत नव्हतं. मंच आणि पहिली रांग यांच्यात काही नव्हतं, कारण दीडशे वर्षांत तशी गरज कुणाला वाटली नव्हती. आत आलेला माणूस आपलाच, हा फाटकाचा सगळा अर्थ होता. त्यानंतर तिकिटासाठी फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागू लागलं आणि सभागृहात पिशव्या नेण्याची बंदी झाली.

जेम्स म्हणाला होता की इथे जीव पणाला लागत नाही. ती सकाळ आणि मंचावर धावलेली ती म्हातारी माणसं मला त्यावरचं उत्तर वाटतात, जरी अशा उत्तराची कुणी इच्छा करणार नाही.

आज सुमारे ७५० एकरांचा हा परिसर आहे. मेथडिस्ट घर आहे, कॅथलिक आहे, ज्यूंचं केंद्र २००९ पासून आहे, आणि व्याख्यानांना मुसलमान, हिंदू, बौद्ध, नास्तिक सगळे येतात. तळ्यात उन्हाळ्यात हिरवट शेवाळ धरतं आणि त्याची काळजी आता व्याख्यानांचाही विषय झाली आहे. बंगलीची किंमत आता कुठल्याही शाळामास्तरणीच्या आवाक्यात नाही. हंगामाचं तिकीटही हलकं नाही. व्हिन्सेंटने ज्यांच्यासाठी हे मांडलं, ते बहुतेक बाहेरच्या रस्त्यावरून जातात.

एक दिवस मात्र फाटक सगळ्यांना उघडं असतं, तिकीट न लागता : रविवार.